सोयीचा प्रश्न

शताब्दी महोत्सव समितीचा खजिनदार होण्यासाठी माणसाच्या अंगी कोणते गुण लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्याकडे दोनच होते. एक, मी बी.कॉम. आहे, आणि दोन, ज्या सभेत खजिनदार निवडला त्या सभेला मी हजर नव्हतो. दुसऱ्या दिवशी बँकेत डे-बुक टॅली करत बसलो होतो तेव्हा काउंटरच्या काचेखालून एक पावतीपुस्तक आत सरकलं आणि पाठोपाठ आवाज आला, "अभिनंदन! एकमताने बरं का!" एकमताने झालेल्या निवडीत काहीतरी काळंबेरं असतं हे वीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो आहे. पण पावतीपुस्तक तोवर आत आलं होतं.

आमच्या गावाला खेटून लष्कराची छावणी आहे. त्यामुळे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर चार, वकील दोन आणि फौजी मोजता येणार नाहीत इतके. तेव्हा शंभरीला लष्कराने तंबू द्यावेत, बँड द्यावा, पाण्याचे टँकर द्यावेत, असं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं. लष्कराला ते एका पत्राने कळवलं. उत्तरादाखल एक तरुण मेजर मोटरसायकलवरून समितीच्या सभेला आले.

सभेत त्या वेळी हत्ती आणावा की उंट यावर चर्चा चालली होती. मेजरसाहेबांनी अर्धा तास शांतपणे हत्ती ऐकून घेतला. मग वही उघडून म्हणाले, "माणसं किती येतील?"

"अलोट," अध्यक्ष म्हणाले.

मेजरसाहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही. "बरं. पिण्याचं पाणी माणशी किती धरलंय? सावली किती जणांना? आणि संडास किती?"

सभेत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "मेजरसाहेब, आपला कार्यक्रम सांस्कृतिक आहे."

त्या रात्री मी अमेरिकेत असलेल्या मेहुण्याला फोनवर हा किस्सा सांगितला. हा मेहुणा पेनसिल्व्हानियात राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने सौ.ला नायगारा दाखवला आणि मला गेटिसबर्ग. नायगाऱ्याला निदान पाणी होतं. गेटिसबर्गला नुसती शेतं, तोफा आणि पुतळे. मी उन्हात कंटाळून बसलो होतो हे त्याच्या लक्षात असावं. तो म्हणाला, "भावोजी, तुमच्या मेजरचा प्रश्न गेटिसबर्गला १९१३ साली सोडवलेला आहे. अहवाल पाठवतो." आणि त्याने खरोखरच पेनसिल्व्हानिया सरकारच्या आयोगाचा भलाथोरला अहवाल पाठवून दिला. मी तो कादंबरी वाचावी तसा वाचला. ज्याला ताळेबंद वाचता येतो त्याला कादंबरीची गरज नसते, असं आमचे एक जुने मॅनेजर म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतही असे.

प्रकरण असं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी झाली. दक्षिणेच्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, त्यासाठी ती फुटून निघाली. १८६३च्या जुलैची पहिली, दुसरी आणि तिसरी तारीख, असे तीन दिवस गेटिसबर्ग नावाच्या गावाभोवती लढाई झाली. गाव अडीच हजारांचं, आणि तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले, जखमी आणि बेपत्ता सुमारे एक्कावन्न हजार. सैन्यं निघून गेली आणि हे सगळं गावाच्या अंगणात राहिलं.

पन्नास वर्षांनी, १९१३ साली, त्याच शेतांत त्याच दोन्ही सैन्यांच्या म्हाताऱ्यांना एकत्र बोलवायचं ठरलं. आता कल्पना करा, पानिपतानंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे १८११ साली, मराठ्यांचे आणि अब्दालीचे उरलेसुरले शिपाई एका पंगतीला बसवायचे आहेत आणि पानं मांडायला तुम्ही आहात! ही कल्पना मुळात हायडकोपर नावाच्या एका जनरलसाहेबांनी १९०८ साली पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरांपुढे मांडली. त्यांचा उजवा हात गेटिसबर्गलाच गेला होता. १९०९ साली आयोग नेमला गेला. म्हणजे चार वर्षं आधी! आमच्या समितीला अकरा आठवडे होते आणि त्यातले तीन हत्तीत गेले.

गेटिसबर्ग तेव्हाही जेमतेम चार हजार वस्तीचं गाव होतं. पाहुणे अपेक्षित होते चाळीस हजार, आणि सगळे सत्तरीच्या आगेमागे. गावात हॉटेलं चार-दोन, रेल्वेच्या कंपन्या दोन. गावकऱ्यांनी नुसता उत्साह दाखवला असता तर म्हातारे उत्साहात मेले असते. म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९१२ साली ठरवलं की छावणी लष्कराने उभारायची, चालवायची आणि खर्च निम्मा केंद्राने, निम्मा पेनसिल्व्हानियाने करायचा. दीड लाख डॉलर तुझे, दीड लाख माझे. म्हाताऱ्यांच्या रेल्वेभाड्याचं ज्याचं त्याच्या राज्याने बघावं. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कोणी काय द्यायचं हे आधी लिहून ठेवल्यामुळे जगात किती भांडणं टळतात! आमच्या समितीत मंडपाचा खर्च 'बघू' या खात्यावर टाकला होता.

मग लष्कराने काय केलं ते ऐका. गावाच्या दक्षिणेला २८० एकरांवर तंबूंचं शहर उभं केलं. त्यातल्या गल्ल्यांची लांबी सत्तेचाळीस मैल. विजेचे दिवे पाचशे. बर्फाच्या पाण्याचे कारंजे बत्तीस, म्हणजे म्हाताऱ्याने वाकायचं नाही, पाणीच तोंडाशी येणार. स्वयंपाकघरं १७३. आठवडाभरात साडेसहा लाखांच्या वर ताटं वाढली. एका तंबूत आठ जण, प्रत्येकाला खाट, पांघरूण, ताटली, पेला, काटा-चमचा. आणि मेजरसाहेबांचा प्रश्न? त्याचंही उत्तर अहवालात आहे. एका वेळी साडेतीन हजारांच्या आसपास माणसांची सोय! आकडा वाचून मला भरून आलं. मी सौ.ला हाक मारून तो दाखवला. ती म्हणाली, "नायगारा विसरलात ना? वाटलंच मला."

गावानेही हात आखडता घेतला नाही. म्हाताऱ्यांबरोबर आलेली मुलंबाळं, वार्ताहर, फेरीवाले आणि नुसते बघे यांना छावणीत जागा नव्हती. ते सगळे गावाच्या घराघरांतून राहिले. कॉलेजच्या खोल्या पाहुण्यांसाठी रिकाम्या केल्या. बालवीर निरोप पोचवत आणि म्हाताऱ्यांना हाताला धरून तंबूपर्यंत नेत, कारण सगळे तंबू सारखेच दिसत.

एक तपशील मला फार जवळचा वाटला. छावणीत शिरायला कागद लागत असे. सैन्यातून सन्मानाने निवृत्त झाल्याचा. आमच्या बँकेत दर नोव्हेंबरला पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर जिवंत माणूस उभा असतो, चांगला खणखणीत शिव्या देत असतो आणि तरी आम्ही म्हणतो, "आजोबा, जिवंत असल्याचा कागद?" तेव्हा त्या फाटकावरच्या कारकुनाची अवस्था मी समजू शकतो. पन्नास वर्षं जपलेला, घडीवर फाटलेला तो कागद उघडताना म्हाताऱ्यांचे हात कसे थरथरले असतील, तेही मी रोज बघतो.

चाळीस हजार येणार होते ना? मोजले तेव्हा भरले ५३,४०७. उत्तरेचे ४४,७१३ आणि दक्षिणेचे ८,६९४. बेरीज मी स्वतः केली, बरोबर आहे. छावणीचं पहिलं जेवण २९ जूनच्या संध्याकाळी होतं, पण पाहुणे चार दिवस आधीपासूनच यायला लागले. लग्नघरी अशी माणसं कोण असतात ते तुम्हाला माहीत आहे. उन्हाने तर कहर केला. २ जुलैला पारा फॅरेनहाइटच्या शंभरीपार गेला. शेकड्यांनी माणसं दवाखान्याच्या तंबूत गेली. आठवडाभरात नऊ म्हातारे गेले. एवढ्या वयाची एवढी माणसं, एवढं ऊन, आणि नऊच. हे आकडे मला तोफांच्या आकड्यांपेक्षा मोठे वाटतात.

अर्थात सगळं गोडगोडच झालं असं नाही. त्याच २ तारखेच्या संध्याकाळी गावातल्या एका हॉटेलच्या जेवणाच्या दालनात कुणीतरी लिंकनबद्दल वाकडं बोललं आणि सुरे निघाले. काही जण भोसकले गेले. पन्नास वर्षं झाली होती, पण लिंकन अजून पोळत होता. आणि पाहुण्यांत एक होते सिकल्स नावाचे त्र्याण्णव वर्षांचे जनरल. ह्यांचा एक पाय गेटिसबर्गला गेला. त्या पायाचं हाड लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयात ठेवलं होतं आणि जनरलसाहेब त्याला भेटायला जात असत. हे न्यूयॉर्कच्या स्मारक-आयोगाचे पुष्कळ वर्षं अध्यक्ष होते. आदल्याच वर्षी हिशेब तपासला तर सुमारे अठ्ठावीस हजार डॉलर सापडेनात. अटकेपर्यंत गोष्ट गेली होती. पण जुलैत स्वारी छावणीत हजर आणि म्हातारे त्यांचा जयजयकार करताहेत! हे मी समितीत वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का ते कळेना. माझे दोन्ही पाय शाबूत आहेत.

तीन तारखेचा दुपारचा प्रसंग मात्र खरा. १८६३ला त्याच तारखेला दक्षिणेचे बारा-साडेबारा हजार लोक उघड्या रानातून मैलभर चालत एका दगडी बांधावर चढून आले होते आणि तिथे कापले गेले होते. पन्नास वर्षांनी त्यांच्यातले शंभर-सव्वाशे त्या बांधाशी आले. पलीकडे फिलाडेल्फियाच्या पलटणीचे दीड-पावणेदोनशे उभे. बांधावरून त्यांनी हात मिळवले. त्याचा फोटो आहे. टोप्या, पांढऱ्या दाढ्या, काठ्या. मेहुण्याने तो बांध मला दाखवला होता. गुडघ्याएवढा आहे. एवढ्याशा बांधावरून आपल्याकडे दिवाणी दावे तीन पिढ्या चालतात.

दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, अध्यक्ष विल्सन आले. आधी त्यांनी नाही म्हटलं होतं, मग हो म्हणाले, भाषण करून तासाभराच्या आत परतले. प्रमुख पाहुण्यांची जात सगळीकडे एकच. भाषणाचा सूर असा की भांडण संपलं, वैर विसरलं, आपण भाऊ आहोत. आठवडाभर सगळ्यांच्याच भाषणांचा सूर तोच होता. कोण किती शूर लढला हे सगळ्यांनी सांगितलं. कशासाठी लढला हे मात्र जवळजवळ कुणीच बोललं नाही.

इथे मी वाचता वाचता अडखळलो. पांघरुणांचा, बर्फाचा, संडासांचा हिशेब जमला होता, पण एक नोंद मला सापडेना. उत्तरेच्या सैन्यात काळे शिपाई जवळपास एक लाख ऐंशी हजार होते. गेटिसबर्गला ते लढले नव्हते, पण आमंत्रण तर यादवीतल्या सगळ्याच सन्माननीय निवृत्तांना होतं. मग ते कुठे आहेत? त्या आठवड्याच्या वृत्तांतांत आणि फोटोंत काळा माणूस दिसतो तो बहुधा पांघरुणं वाटणारा, राबणारा. वॉशिंग्टनहून निघणाऱ्या 'बी' या काळ्या लोकांच्या पत्राने तेव्हाच विचारलं होतं, हे संमेलन नक्की कुणाचं? आणि त्याच १९१३च्या उन्हाळ्यात, भावाभावांच्या भेटीबद्दल बोलून गेलेल्या त्याच विल्सनसाहेबांच्या सरकारात, कोषागारात आणि टपालखात्यात काळ्या कारकुनांना वेगळं काढणं चाललं होतं. वेगळी टेबलं, मध्ये पडदे, जेवायच्या वेगळ्या खोल्या, वेगळे संडास.

मी कारकून आहे. युद्ध मला कळत नाही, टेबल कळतं. वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या आणि आपल्यामध्ये एका सोमवारी सकाळी पडदा आलेला असतो, म्हणजे काय, ते मला कळतं.

आता आमच्या शाळेकडे येतो. अहवाल वाचून मला आकड्यांचं वेड लागलं होतं. मी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मागवून माजी सैनिकांची यादी करायला बसलो. तीसच्या सालातल्या पानांवर तीन मुलांच्या नावांपुढे पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला दिसला: 'व्हरांडा'. आधी वाटलं, आडनाव आहे. मग कळलं. ती मुलं महारवाड्यातली होती. वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून खिडकीतून ऐकायची. त्यातल्या एकाच्या नावापुढे मागाहून कुणीतरी शाईने लिहिलं होतं, 'सैन्यात भरती, बेळगाव'. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा त्यातला असणार.

मी स्मरणिकेसाठी बारा ओळी लिहून दिल्या. स्मरणिकेचे संपादक आमचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला चौथीत छडी मारलेली असल्याने त्यांच्यापुढे मी अजून हात पाठीमागे बांधूनच उभा राहतो. सरांनी ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि फार मायेने म्हणाले, "अरे, खरं आहे. पण आनंदाच्या प्रसंगी जुनं कशाला उकरायचं? आता सगळे गुण्यागोविंदाने नांदताहेत ना?" आणि लाल पेन्सिलीने बाराच्या बारा ओळींवर एक तिरकी रेघ ओढली. मी म्हणालो, "बरं सर."

होय, 'बरं सर'च म्हणालो. विल्सनसाहेबांवर तीन रात्री जागून चिडलेला मी!

नोव्हेंबर चालू होता. एक निवृत्त सुभेदार दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला येतात. पंचाहत्तरीचे, ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांच्या अर्जावरचं वडिलांचं नाव मी शेकडो वेळा वाचलं असेल. या खेपेला ते वाचून शिक्का हातातच राहिला. रजिस्टरातलंच नाव. मी त्यांना बाजूला बसवून चहा मागवला आणि पेन्सिलीच्या त्या शब्दाबद्दल, हो-ना करत, सांगितलं. ते हसले.

"आम्हाला ठाऊक आहे साहेब. बाबा सांगायचे. म्हणायचे, आतल्या पोरांना उकडायचं, मला वारं लागायचं." चहा संपवून त्यांनी विचारलं, "समारंभाला आम्ही कुठं बसायचं?"

"सुभेदारसाहेब, तुम्ही माजी सैनिकांच्या पहिल्या रांगेत. मेजरसाहेबांनी नकाशा काढलाय."

"पहिली रांग नको. एक खुर्ची व्हरांड्यात टाका. तिसऱ्या खिडकीपाशी."

मी मेजरसाहेबांना फोन केला. का, ते सांगितलं. पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही, मग म्हणाले, "तिथे सावली आहे का? पाण्याची सोय करतो."

समारंभ झाला. हत्ती आला नाही. माणसं अलोट म्हणजे एक हजार आठशे चाळीस आली (लष्कराने फाटकावर मोजली), बँड उत्तम वाजला, पाणी संध्याकाळपर्यंत पुरलं आणि मेजरसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मैदानाच्या पश्चिमेला चोवीस तात्पुरत्या दारांनी दिलं. अध्यक्षांनी आभाराच्या भाषणात त्यांचा उल्लेख 'इतर सोयी' असा केला. सुभेदारसाहेब छातीवर पदकं लावून, तिसऱ्या खिडकीपाशी, सबंध वेळ ताठ बसले होते. मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याभोवती जमली. ते पोरांना काहीतरी सांगत होते. सर व्यासपीठावरून त्या बाजूला बघत होते. मग ते खाली उतरले आणि हळूहळू व्हरांड्याकडे चालत गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्याच वेळी मंडपवाला बिल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

स्मरणिका आधीच छापून आली होती. तिच्यात त्या बारा ओळी नाहीत.

गेटिसबर्गला पुढे १९३८ साली पुन्हा एकदा जमले. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून. पुन्हा लष्करानेच छावणी घातली. म्हातारे अठराशेच्या आसपास उरले होते, सरासरी वय चौऱ्याण्णव. १९१३ला पैशाअभावी राहिलेलं शांतीचं स्मारक तेव्हा कुठे उभं राहिलं आणि रूझवेल्टसाहेबांनी त्याचं अनावरण केलं. वर गॅसची ज्योत आहे. मेहुणा मला तिथेही घेऊन गेला होता. गॅसचं बिल कोण भरतं, हे मी त्याला विचारलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या समितीचे हिशेब मार्चअखेर तपासले गेले. हिशेबतपासनीस काटेकोर माणूस. मंडपवाल्याच्या बिलात 'खुर्च्या, मैदान' आणि त्याच्या खाली वेगळ्या ओळीत 'खुर्ची, व्हरांडा, १ नग' असं होतं. त्यांनी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढून विचारलं, "ही एक वेगळी का? कुणाच्या नावे?"

मी पेन उघडलं आणि समासात त्या विद्यार्थ्याचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'इयत्ता चौथी'.